वन वे व्हिजनवर लॅमिनेशन : गाडीच्या काचेचं काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बाहेरून जाहिरात दिसते आणि आतून रस्ता. ही करामत करणाऱ्या भोकाभोकांच्या फिल्मला आपल्या बाजारात सगळे वन वे व्हिजन म्हणतात. ब्रिटनच्या रोलंड हिल यांनी १९८०च्या दशकात ‘काँट्रा व्हिजन’ या नावाने ही कल्पना बाजारात आणली आणि आता गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडेही तिचा रोल असतो. दुकानाच्या काचेवर छापून चिकटवली की विषय संपतो. गाडीवर मात्र वर लॅमिनेशन, म्हणजे पारदर्शक फिल्मचा आणखी एक थर लागतो, आणि ते का लागतं हे नवीन माणसाला कुणी नीट सांगत नाही. ‘चमक येते’, ‘रंग टिकतो’ एवढंच सांगितलं जातं. दोन्ही खरं आहे, पण मुख्य कारण ते नाही.

मुख्य कारण पाणी. या फिल्मची भोकं साधारण दीड मिलिमीटरची असतात. एवढ्या भोकात थेंब शिरला की स्वतःच्या ताणानेच तिथे अडकून बसतो, ओघळत नाही. प्रत्येक थेंब म्हणजे एक बारीक भिंग, आणि अशी हजारो भिंगं काचेवर जमली की आत बसलेल्या ड्रायव्हरला मागची गाडी दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. पाऊस थांबला तरी सुटका नाही. पाणी वाळतं आणि सोबत आलेला रस्त्याचा गाळ भोकात राहतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात उघडी फिल्म एका आठवड्यात आतून मातकट दिसायला लागते, आणि भोकाभोकातला गाळ ब्रशने काढायला गेलात तर छपाई खरवडून निघते. लॅमिनेट या सगळ्या भोकांवर एक पारदर्शक झाकण घालतं. पाणी वरून निथळतं, वायपर सपाट पृष्ठभागावरून फिरतो. पुढची प्रत्येक पायरी ‘भोकात पाणी जाता कामा नये आणि भोकातून आरपार दिसलं पाहिजे’ या दोन गोष्टींसाठीच आहे.

ऑर्डर घेण्याआधी कायदा

हे शेवटी सांगितलं तर उपयोग नाही, म्हणून आधीच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायलाच मनाई केली. पुढे नियमात बदल झाले, आणि ठरलेली प्रकाशाची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. तरी ७० आणि ५० हे आकडे जागेवरच आहेत.

आता हिशोब करा. निम्मी फिल्म आणि निम्मी भोकं असलेल्या मालातून जास्तीत जास्त निम्मा प्रकाश येणार. त्यातून काच आणि लॅमिनेट थोडा खाणार. म्हणजे मागच्या काचेच्या ७० टक्क्यांच्या तर जवळपासही नाही, आणि बाजूच्या ५० टक्क्यांतही बसत नाही. रस्त्यावर जाहिरातीने मढवलेल्या गाड्या दिसतात म्हणून आपल्या गिऱ्हाइकालाही परवानगी आहे असं धरून चालू नका. वाहनावर जाहिरात लावायला परिवहन खात्याची परवानगी वेगळी लागते, आणि काचेवरचा भाग त्यात बसतो का हे गिऱ्हाइकाने आरटीओकडून लेखी आणावं. ‘पकडलं तर बघू’ म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

मग हे काम येतं कुठून? प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाड्या, शोरूममधली डेमो वाहनं, एका जागी लावलेले फूड ट्रक. शिवाय बाहेर देशात साइनचं काम करणारे आपले लोक आहेत. ब्रिटनमध्ये पुढची काच आणि पुढच्या दोन खिडक्या यांना मर्यादा आहे, ड्रायव्हरच्या मागच्या काचांना नाही, म्हणून तिथे डिलिव्हरी व्हॅनच्या मागच्या दारावर हे सर्रास दिसतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. दोन्हीकडे बाहेरचे आरसे शाबूत आहेत ना ते आधी बघायचं.

माल : इथे पैसे वाचवू नका

फिल्म घेताना तीन गोष्टी विचारा. पहिली, भोकांचं प्रमाण. ५०/५०, ६०/४०, ७०/३० असे आकडे ऐकू येतील. त्यात छापील भाग किती आणि भोकं किती, हे डेटाशीटवर वाचून घ्या. गाडीसाठी जास्त भोकांचा माल बरा, ७० टक्के छापील भागाचा माल दुकानापुरता ठेवा. दुसरी, मागची बाजू खरंच काळी आहे का. आतून आरपार दिसतं ते या काळ्या रंगामुळे. काळं उजेड परतवत नाही, त्यामुळे नजर फिल्मवर अडकत नाही आणि बाहेर जाते. करड्या पाठीच्या स्वस्त मालात आतून धुकं पडल्यासारखं दिसतं. तिसरी, फिल्म गाडीसाठी म्हणून विकली जाते का. दुकानाच्या काचेसाठीच्या फिल्मचा गम बहुतेक वेळा सहज निघणारा असतो, आणि हायवेच्या वाऱ्याला तो पुरत नाही.

लॅमिनेट निवडताना गोंधळ होतो. व्हिनाइल स्टिकरवर जे नेहमीचं कोल्ड लॅमिनेशन मारता, तोच रोल इथे लावायचा नाही. त्याला दोन कारणं आहेत. नेहमीचा माल कॅलेंडर केलेला, म्हणजे रोलरखाली दाबून-ओढून पसरवलेला असतो. उन्हात तापला की तो मूळ मापाकडे परत जाऊ बघतो आणि कडा आत खेचतो. साध्या व्हिनाइलवर त्याला पूर्ण पृष्ठभागाची पकड मिळते म्हणून तो गप्प बसतो. इथे निम्म्या जागेत भोकं आहेत, म्हणजे गमला पकड निम्मीच. तो हमखास सुटतो. म्हणून कास्ट लॅमिनेट घ्यायचं. ते ओतून बनवलेलं असतं, पातळ असतं (साधारण ५० मायक्रॉन) आणि आकसत नाही.

दुसरं कारण डोळ्यांनी बघता येतं. लॅमिनेटचा बॅकिंग पेपर थोडा सोला आणि गमची बाजू उजेडात तिरकी धरा. कागदी बॅकिंग असेल तर कागदाचा खरखरीतपणा गमवर जसाच्या तसा उतरलेला दिसेल, संत्र्याच्या सालीसारखा. स्टिकरवर ते कळतही नाही, पण भोकातून बघणाऱ्याला समोरचं सगळं हललेलं दिसतं. खिडकीसाठीच्या लॅमिनेटला गुळगुळीत पॉलिएस्टरचं बॅकिंग असतं, त्यामुळे गमही काचेसारखा साफ येतो. दुकानदाराला ‘ऑप्टिकली क्लिअर कास्ट’ असं स्पष्ट सांगा. मॅट अजिबात नको. थ्रीएम, एव्हरी डेनिसन, ओराफोल यांच्यासारख्या कंपन्या आपल्या फिल्मसोबत कोणतं लॅमिनेट चालतं ते लिहून देतात. जोडी त्याच कंपनीची घेतली तर पुढे तक्रार करायला तोंड राहतं.

डिझाइन आणि छपाई

देवनागरीत काम करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. इंग्रजी जाड अक्षरं भोकांमधूनही तगून जातात. आपल्या लिपीचा जीव मात्र वरच्या-खालच्या बारीक खुणांत आहे. चार-पाच मिलिमीटरचा अनुस्वार दीड मिलिमीटरच्या भोकांच्या जाळीत पडला की त्याचा निम्मा भाग हवेत जातो. ‘रंगकाम’ लांबून ‘रगकाम’ वाचलं जातं. रफार तुटतो, उकाराची शेपटी गायब होते, पातळ शिरोरेघ ठिपक्यांची ओळ होऊन बसते. म्हणून जाड फाँट घ्या, अनुस्वार आणि मात्रा हाताने मोठ्या करा आणि फोन नंबरशिवाय बारीक मजकूर काचेवर ठेवूच नका. फोन नंबरही मोठाच. रंग गडद आणि एकमेकांपासून वेगळे निवडा, कारण निम्मा रंग भोकांत गेल्यावर सगळंच फिकट दिसतं. मंजुरीसाठी गिऱ्हाइकाला स्क्रीनवरचं चित्र दाखवू नका. वितभर तुकडा छापून काचेला लावा आणि त्याला रस्त्याच्या पलीकडून बघायला सांगा.

मशीनवर लावताना मीडियाची कड ओळखणारा सेन्सर भोकांमुळे चकतो, तेव्हा तो बंद करून रुंदी हाताने टाका. फिल्मखाली भोकं नसलेला दुसरा बॅकिंग पेपर आहे ना ते बघा, नाहीतर शाई भोकांतून थेट प्लेटनवर, म्हणजे मशीनच्या खालच्या पाटावर उतरेल. शाईचं प्रमाण नेहमीच्या व्हिनाइलपेक्षा थोडं कमी ठेवा.

वाळवणं

घाई नेमकी इथे होते. सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातला सॉल्व्हंट पुढे बराच वेळ बाहेर पडत असतो. त्यावर लॅमिनेट चढवलं की तो आत कोंडतो, गम मऊ करतो, आणि काही दिवसांत कडा कुरळ्या होऊन उचलतात. या फिल्ममध्ये तर शाई भोकांच्या काठावरही साचते, आणि ती सगळ्यात शेवटी वाळते. किमान २४ तास द्या, गडद रंगांना ४८. पावसाळ्यात ४८ च्या आत हात लावू नका.

छापलेला रोल घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभा केला तर दोन दिवस काय, आठवड्यानेही आतला भाग वाळणार नाही. पसरून ठेवा किंवा सैल वळकटी करून जाळीवर उभी करा, म्हणजे खालून वर हवा फिरेल. पंखा लावा. वाळलं की नाही हे नाकाला विचारा. वळकटीच्या आत नाक नेलं आणि शाईचा वास आला तर अजून थांबायचं. लॅटेक्स शाई मशीनमधून वाळूनच निघते, तिला एवढं थांबावं लागत नाही. यूव्ही शाई लगेच घट्ट होते, पण तिचा थर जाड असतो, त्यामुळे लॅमिनेट बसताना कडेकडेने बारीक हवा अडकून चंदेरी दिसू शकतं.

लॅमिनेटरवर

आधी दाब तपासा. सारख्या रुंदीच्या कागदाच्या तीन पट्ट्या रोलरच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला ठेवून रोलर बंद करा. एकेक पट्टी ओढून बघा. तिन्ही सारख्याच जोराने निघाल्या पाहिजेत. एक बाजू सैल असेल तर फिल्म तिरकी धावणार आणि मध्यापासून चुण्या पडणार. रोलर ओल्या फडक्याने नाही, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. खालच्या रोलरवर एक साधा कागद चालवा, म्हणजे भोकांतून निसटलेला गम रोलरला लागणार नाही.

दाब मध्यम ठेवायचा. कमी पडला तर लॅमिनेट नीट बसत नाही आणि चंदेरी चट्टे दिसतात. जास्त झाला तर ते भोकांत खचतं, प्रत्येक भोकावर बारीक वाटी तयार होते आणि आरपार बघताना तीच वाटी नजरेला त्रास देते. एक तुकडा काढून बोटांचं टोक हलकेच फिरवून बघा. वरचा थर सपाट लागला पाहिजे, खडबडीत नाही. वरचा रोलर गरम करायची सोय असेल तर ४० अंशांच्या आसपासची ऊब चालते, त्याहून जास्त नको.

लॅमिनेटच्या रोलला ब्रेक लावून ताण वाढवायची सवय असते, चुण्या जाव्यात म्हणून. इथे ती सवय सोडा. ताणलेलं कास्ट लॅमिनेट पुढे मूळ मापाकडे परत येतं आणि छापील फिल्मला आपल्याकडे खेचतं. हे तपासायला हातभर तुकडा कापून बॅकिंगसह टेबलावर ठेवा. थोड्या वेळाने कडा वर वळल्या तर ताण जास्त आहे. ब्रेक सैल करा, पुन्हा तुकडा काढा. सपाट पडेपर्यंत मुख्य काम चढवू नका. वेग कमी ठेवा आणि एकदा सुरू केल्यावर मध्ये थांबू नका. रोलर थांबेल तिथे आडवी रेघ उमटते आणि ती जात नाही.

लॅमिनेशन झाल्यावर लगेच कापायला घेऊ नका. गमला पकड यायला एक रात्र द्या.

कडा : खरी लढाई इथे

वर झाकण घातलं तरी कापलेल्या कडेवर अर्धवट भोकं उघडी राहतात, आणि पाणी तिथून आत शिरतं. एका भोकातून दुसऱ्यात असं करत ते काचेच्या कडेने वरवर चढत जातं. लॅमिनेशन केलेल्या गाडीच्या काचेवर खालून वर सरकणारा ढगाळ पट्टा दिसला तर कारण हेच समजा.

उपाय दोन. पहिला कारखान्यातला. छापलेली फिल्म तयार मापावर अशी कापायची की फक्त फिल्म कापली जाईल, बॅकिंग शाबूत राहील. बाहेरचा पट्टा सोलून काढा, मग लॅमिनेट चढवा आणि शेवटची काप छापील कडेच्या बाहेर सुमारे १० मिलिमीटरवर घ्या. आता चारही बाजूंना नुसत्या लॅमिनेटची झालर राहते, ती थेट काचेला चिकटते आणि कडा बंद होतात. बॅकिंग एकसंध आणि गुळगुळीत असेल तरच हे जमतं. बॅकिंगलाही भोकं असतील तर झालर खालच्या कागदाला चिकटून बसते आणि गिऱ्हाइकासमोर तुम्ही नखांनी ओरबाडत राहता.

दुसरा उपाय सोपा, आणि नवीन माणसाला मी हाच सांगेन. लॅमिनेट केलेली फिल्म काचेवर लावा. त्याच लॅमिनेटच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि चारही कडांवर अशा चिकटवा की अर्धी रुंदी फिल्मवर आणि अर्धी काचेवर येईल. खालची पट्टी आधी, मग बाजूच्या, वरची शेवटी, म्हणजे पाणी जोडावरून घसरतं, जोडात घुसत नाही. कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो.

काच आणि चिकटवणं

काच आधी साबणाच्या पाण्याने, मग ब्लेडने खरवडून (उष्णतेच्या तारा काचेच्या आतल्या बाजूला असतात, बाहेर ब्लेड चालतं), शेवटी आयपीएने पुसा. त्यानंतर खरं काम रबराचं आहे. काच चकचकीत कोरडी दिसते, पण भोवतीच्या रबरात धुण्याचं पाणी साचलेलं असतं, आणि स्क्वीजीचा (फिल्म दाबून बसवायच्या पट्टीचा) दाब पडला की ते नेमकं फिल्मखाली येतं. जुन्या एटीएम कार्डाला सुती फडकं गुंडाळा आणि रबराच्या खाचेतून चारही बाजूंनी फिरवा. फडकं कोरडं निघेपर्यंत. भोकात कोंडलेली ओल लॅमिनेटमुळे बाहेर जाऊ शकत नाही, उन्हात तिची वाफ होते आणि आतून काचेला घाम आल्यासारखं दिसतं. म्हणूनच ही फिल्म पाणी मारून लावायची नाही. साधं व्हिनाइल साबणपाण्यावर सरकवून बसवणारे कारागीर इथेही स्प्रेची बाटली घेऊन येतात. बाटली गाडीत ठेवायला सांगा.

उन्हात तापलेल्या काचेवर गम पहिल्याच स्पर्शाला घट्ट धरतो आणि फिल्म सरकवता येत नाही. सकाळी लवकर किंवा सावलीत लावा. तिसरा ब्रेकलाइट काचेच्या आत असेल तर तेवढी जागा आधीच कापून टाका. ब्रेकलाइट फिल्मखाली झाकायचा नाही.

फिल्म जागेवर धरून वरच्या कडेला मास्किंग टेपची बिजागरी करा. रबरापासून चारही बाजूंना काही मिलिमीटर मोकळे सोडा, किनार-पट्टीसाठी धरून थोडं जास्तच. बॅकिंग वरून वितभर सोला, आणि फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने मधून बाहेर, एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांनी दाबत खाली या. बिगर-लॅमिनेट फिल्म लावताना हवा भोकांतून निघून जायची, म्हणून हात कसाही चालला तरी खपून जायचं. आता भोकं बंद आहेत, तेव्हा बुडबुडा अडकला की अडकला. फिल्म ओढू नका आणि वळणावर बसवायला हीट गनने ताणू नका. ताणलेली भोकं लांबट होतात आणि थंड झाल्यावर मागे येतात. फार फुगीर काचेवर दोन तुकडे करून लावा. जोड उभा, ड्रायव्हरच्या नजरेच्या मध्यावर न येणारा.

गाडी परत देताना

पहिले २४ तास धुवायची नाही. प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर तिरका मारायचा नाही, आणि नोझल हातभर लांब. मागचा वायपर असेल तर कोरड्या काचेवर चालवू नये, धूळ आणि रबर मिळून लॅमिनेटवर अर्धगोल ओरखडे काढतात. रात्री आत दिवा लावला तर बाहेरून आतलं दिसेल, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवा, नाहीतर ‘वन वे म्हणालात’ म्हणून फोन येतो.

एक-दोन वर्षांनी फिल्म बदलायची वेळ येते. लॅमिनेट असल्यामुळे ती तुकड्यातुकड्याने न येता सलग निघते. हीट गनने कोपरा कोमट करा, फिल्म स्वतःवर दुमडत सावकाश खाली ओढा, आणि राहिलेला गम आयपीएत भिजवलेल्या फडक्याने काढा. फिल्म आतून लावलेली असेल तर ब्लेडला हात लावू नका, उष्णतेच्या तारा त्याच बाजूला आहेत.